सगळं परत बसत नाही

६ जानेवारी, मंगळवार

पोचलो एकदाचा! छाती उघडून पुन्हा शिवलेल्या माणसाला जग इतकं छान दिसतं असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. खिडकीबाहेर सुपीरिअर सरोवर नजर पोचेल तिथवर गोठलंय. खोलीत लाकडाची शेगडी धडधडतेय आणि स्वयंपाकघरातून वेलदोड्याच्या पावाचा वास येतोय. हे विसाव्याचं घर आमच्या चर्चचं. बायपास झालेले लांबच्या गावांतले म्हातारे रस्ते मोकळे होईपर्यंत इथे राहतात. सगळं लेम्पीबाई बघतात. मला इथे कुणी आणलं ते मात्र अजिबात आठवत नाही. औषधांचा अंमल असणार, दुसरं काय.

खरं तर ऑपरेशनला मी तयार नव्हतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कशाला ती चिरफाड? सर्जननेही काही आडपडदा ठेवला नाही. हृदय ठणठणीत होईल म्हणाले, पण या वयात कुणाला झटका येतो, कुणाची स्मरणशक्ती जाते, आणि कुणाच्या घरचे तर म्हणतात की हा आमचा माणूसच नव्हे. ते ऐकून मी टोपी उचलून निघालोच होतो. पण इंकेरी रडली. चोपन्न वर्षांच्या संसारात माझी बायको माझ्यादेखत फारशी रडलेली नाही, त्यामुळे मी विरघळलो. अट एकच घातली: मी कसाही बाहेर आलो तरी मला घरी न्यायचं. तिने माझा हात धरून तसा शब्द दिला.

इस्पितळात प्रत्येकाला हृदयाच्या आकाराची एक लाल उशी देतात. खोकताना ती छातीशी घट्ट धरायची, नाहीतर टाके जीव काढतात म्हणे. माझी उशी सामानाबरोबर घरी गेली. पण काही अडलं नाही. मघाशी चांगला खच्चून खोकलो आणि कुठे काही दुखलं नाही. लाकूड अजून पक्कं आहे.

८ जानेवारी

माझ्याखेरीज इथे दोघे आहेत. एक वैनो, तांब्याच्या खाणीत जन्म काढलेला. तो खिडकीशी बसून असतो आणि बोलला तर बोलला. दुसरा त्रेझोना, विलायतेहून आलेल्या कॉर्निश लोकांतला. त्याचं ठाम मत असं, की आम्ही फिन लोक पॅस्टीच्या, म्हणजे मांस भरलेल्या त्या मोठ्या करंजीच्या, सारणात गाजर घालून त्या बिचाऱ्या पॅस्टीची वाट लावतो. मी म्हटलं, तुमच्यासारखा नुसता सलगम कोंबण्यापेक्षा ते बरं. तो पोट धरून हसला. दुपारी जेवताना त्याने तेच पुन्हा म्हटलं, आणि रात्री पुन्हा तेच. हसूही दर वेळी तितकंच.

इथे पट्ट्या बदलायला कुणी येत नाही, गोळ्याही देत नाहीत. मी लेम्पीबाईंना काही विचारलं नाही. आमच्यात स्वतःच्या तब्येतीचं रडगाणं कुणी गात नाही आणि दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशीही करत नाही.

इंकेरीचा फोन नाही. बर्फाने तारा तुटल्या असतील.

सकाळी नेहमीसारखा ऑन्नी आला. म्हणजे त्याची आठवण. आमचा एकुलता एक मुलगा. विसाव्या वर्षी मार्चमधल्या पातळ बर्फावर मासे धरायला गेला आणि सापडलाच नाही. एकतीस वर्षं झाली, पण डोळे उघडायच्या आधी तो समोर उभा असतो. मी इंकेरीला सांगायला जातो आणि ती कॉफी ठेवायच्या निमित्ताने उठून जाते. आज तो इतका स्वच्छ दिसला की हात लावावा. गंमत म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतींचा रंग आठवू म्हटलं तर आठवेना. लग्नात मी नाचलो होतो का तेही आठवेना.

१० जानेवारी, शनिवार

सर्जनने दीड महिना सौना, म्हणजे आमचं वाफेचं न्हाणं, बंद सांगितला होता. इथे मात्र लेम्पीबाईंनी दुपारीच सौना तापवून ठेवला. शनिवारी सौना नको म्हणणारा फिन माणूस मेलेलाच असायला हवा, तेव्हा मी चौकशी न करता टॉवेल घेऊन निघालो. छातीची पट्टी तेवढी ठेवली.

सौनात कुणी कुणाकडे बघत नाही, ती आमची रीत. पण मी दगडांवर पाणी ओतलं, एवढी वाफ उठली, आणि तरी मला गरम वाटेना. म्हणून मी शेजाऱ्यांकडे पाहिलं. दोघे सर्वांत वरच्या बाकावर कोरडे ठणठणीत बसले होते. घामाचा टिपूस नाही. आणि छातीवर, जिथे वरपासून खालपर्यंत टाक्यांची रेघ हवी, तिथे काही नव्हतं. ना वैनोच्या, ना त्रेझोनाच्या. त्रेझोनाने कालच मला आपल्या ऑपरेशनची साग्रसंगीत कहाणी ऐकवली होती.

बाहेर आल्यावर मी लेम्पीबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, इथल्या लोकांच्या जखमा चांगल्या भरतात. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

११ जानेवारी

पट्टी काढली. खाली काही नाही. टाके नाहीत, ओरखडासुद्धा नाही. छातीवरचे पांढरे केस जसेच्या तसे आहेत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी परिचारिकेने ते माझ्यासमोर भादरले होते. पायाचीही पट्टी काढली. जिथून शीर काढली म्हणाले तिथेही काही नाही.

मग ऑपरेशन झालं कुणाचं?

दिवसभर छातीवर हात ठेवून बसलो. आत काहीतरी धडधडतंय की नाही, ते नक्की सांगता येत नाही.

१३ जानेवारी

वैनो बोलला. मी त्याच्यासमोर सदरा उघडून उभा राहिलो तेव्हा बोलला. त्याने आधी माझी कीव केली, आणि मला ते सहन झालं नाही. मी त्याला खडसावलं, की काय ते एकदा सांगून टाक.

“आपल्या वयात सगळं परत बसत नाही, आर्वो,” तो म्हणाला. “बसतं ते घरी जातं. उरतं ते इथे येतं.”

मी विचारलं, काय बसवायचं आणि काय उरवायचं हे ठरवतं कोण. तो खिडकीकडे वळला. घरचे, म्हणाला. त्याला स्वतःला कशासाठी मागे ठेवलं, ते पूर्वी ठाऊक होतं. आता आठवत नाही.

मी त्याला खोटारडा म्हटलं. इंकेरी असं करणार नाही. तिने शब्द दिलाय.

१५ जानेवारी

रस्ता उघडला. दुपारी आमची गाडी आली. मी खिडकीत धावलो, आणि —

गाडी तो चालवत नव्हता, इंकेरीच चालवत होती. तो शेजारी होता. माझा कोट, माझी टोपी, आणि गाडीचा पट्टा छातीला टोचू नये म्हणून मध्ये ती लाल उशी. तो सावकाश उतरला, तिच्यासाठी फाटक उघडलं आणि कशावर तरी हसला. चेहरा माझाच, पण गालांवर रंग. सदऱ्याच्या गळ्यातून टाक्यांचं टोक दिसत होतं. त्याने वर खिडकीकडे पाहिलं आणि अनोळखी म्हाताऱ्याला करतात तसा हात केला.

इंकेरी एकटीच आत आली. लेम्पीबाईंसाठी पाव आणला होता. आमच्यात कुणी रिकाम्या हाताने जात नाही, माणूस टाकायला गेलं तरी. माझ्यासमोर बसली. हातमोजे काढले नाहीत.

“इस्पितळातल्यांनी मला आधी विचारलं होतं,” ती म्हणाली. “काय काय ठेवायचं ते सांगा म्हणाले. मी तुझं हसणं सांगितलं. हात सांगितले. आपल्या लग्नातला नाच सांगितला. ऑन्नी नाही सांगितला.”

मी तिला तिच्या शब्दाची आठवण करून दिली.

“एकतीस वर्षं रोज सकाळी तू मला त्या बर्फावर नेलंस रे. मी त्याची आई नव्हते का? हा उठतो, शिट्टी वाजवत कॉफी करतो. मला झोप लागते, आर्वो.”

मी विचारलं, त्याला ठाऊक तरी आहे का, आपल्याला मुलगा होता. ती म्हणाली, फोटो तिने आधीच माळ्यावर टाकलाय. मग उठली. जाताना माझ्या खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला.

केसाने गळा कापला माझा. परक्याने कापला असता तर इतकं लागलं नसतं. मला टाकलं हे एक वेळ सोसेन. पण पोराला माझ्याबरोबर टाकलं —

१६ जानेवारी

वैनो नाही. खुर्ची आहे. लेम्पीबाई त्याची घोंगडी घडी करत होत्या. कुठे गेला विचारलं. म्हणाल्या, उरलेलं फार दिवस पुरत नाही.

म्हणजे मीही. आणि मी गेलो की ऑन्नी कुणाकडेच —

१८ जानेवारी

लेम्पीबाई चर्चला गेल्या. त्यांच्या खोलीत फोन आहे. आमचा नंबर फिरवला. त्याने उचलला. आधी शिट्टी ऐकू आली, माझीच. मग माझा आवाज, रुबाबात, कोण बोलतंय म्हणून.

मी एवढंच म्हणालो: ऑन्नी.

त्याने फोन ठेवला नाही. वाटलं, आठवतंय त्याला. कुठेतरी एक धागा राहिला असेल. मग त्याने मागे वळून विचारलं, “इंकेरी, हा ऑन्नी कोण गं?”

ती म्हणाली, “राँग नंबर असेल. ठेव तो.”

तिचा आवाज जराही कापला नाही.

तारीख — लेम्पीबाईंना विचारायची राहिली

त्रेझोना हसत नाही आता. नुसता बघतो.

सौनाची दारं — नाही, ते नको. ऑन्नीचं आधी.

लिहून ठेवतो. बाकी सगळं जाऊ दे, मला माझं आडनावही नको. ऑन्नी. उजव्या भुवईत खाच. पाण्याला भ्यायचा नाही, गाईला भ्यायचा. मार्चमधली सकाळ. इंकेरी ओट्याशी पाठमोरी. त्याने बूट चढवले, दाराशी गेला, मागे वळला आणि मला म्हणाला —

म्हणाला —

बाबा,