संकष्टीची गोळी

आई, परवा नातीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमच्या आईंना कोणती गोळी चालू होती?" तुझी एकेक गोळी मला रंगासकट पाठ, तरी मी लगेच सांगितलं नाही. नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. चार वर्षांची आहे, तू पाहिली नाहीस. तिला फिट येते, आणि अगदी तुझ्यासारखी येते. आधी मान डावीकडे वळते, मग हात आखडतो. पहिल्यांदा आली तेव्हा मी काय केलं माहितीय? चप्पल शोधायला धावले, हुंगवायला. मुलगी ओरडली, "मम्मी, काय करतेस तू!" जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं आणि ऐन वेळी हातात चप्पल. तू असतीस तर हसली असतीस.

बाबांची गिरणी बंद पडली आणि आपण चारकोपला आलो, तेव्हापासूनचं सगळं मी सध्या उलटसुलट आठवत बसते. तू इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात पेनांच्या रिफिली भरायला जायचीस. जुनी पांढरी गोळी घेतलीस की दिवसभर तुझे डोळे मिटायचे. फिट वर्षातून एखाददुसरी, पण झोप मात्र रोजची. गाळ्यातल्या बायका तुला चिडवायच्या आणि माझा जीव जळायचा. मी पार्ल्याच्या कॉलेजात होते, लायब्ररीत वाचलं होतं की आता अशी गोळी आली आहे जिने एवढी झोप येत नाही. ओपीडीतले म्हातारे डॉक्टर म्हणाले, "अगं, फिट आटोक्यात आहे ना? मग कशाला हात लावायचा?" मी हटून बसले. पुस्तकातलं पान उतरवूनच नेलं होतं. शेवटी त्यांनी बदलून दिली. त्या दिवशी तू शेजारणीला लेकीचं कौतुक सांगत होतीस, "माज्या चेडवान डॉक्टराक शिकवल्यान." तुला मी काहीतरी मोठं दिलं, असं तेव्हा मला खरंच वाटलं होतं.

झोप गेली. तू गाळ्यात गाणी म्हणायला लागलीस. पण दोन-तीन महिन्यांत फिट वाढल्या, आधी महिन्याला, मग आठवड्याला. मी कारण शोधायला निघाले आणि मला ते लगेच सापडलंही. संकष्टी. तू कडक उपास करायचीस, चंद्र दिसेपर्यंत नुसतं पाणी, आणि पोटात गोळी गेली तर उपास मोडला असं तुझं ठाम मत, म्हणून सकाळची गोळी नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, तू विळीवर नारळ खवते आहेस, आणि मी तुला बोलते आहे, शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात. "तुझे हे उपासच तुला मारणार आहेत!" तू मान वर न करता म्हणालीस, "संकष्टीक माका कदीच येणा नाय गो. त्या दिसाक डोक्या हलक्या रवता." मी म्हणाले, हा निव्वळ योगायोग आहे. तू थोडा वेळ खवत राहिलीस. मग म्हणालीस, "बरा, तू सांगतंस म्हणान सोडतंय."

आता नातीचे हे डॉक्टर कागदावर चित्र काढून सांगतात. मेंदूतल्या काही पेशी दुसऱ्यांना चेतवतात, काही आवरतात. पेशीच्या भिंतीत सोडियम आत यायला बारीक दारं असतात, ती उघडली तरच पेशी बोलते. नातीच्या एका जनुकात दोष आहे, त्यामुळे आवरणाऱ्या पेशींचीच दारं कमी पडतात. जुनी पांढरी गोळी त्या आवरणाऱ्यांच्या कामाला जोर देते. नवी गोळी ही दारंच अडवते. पुष्कळांना तिने गुण येतो, पण आवरणाऱ्यांची दारं मुळातच कमी असतील तर ती आणखी बंद होतात आणि फिट वाढते. "ही गोळी हिला कधीही द्यायची नाही," ते म्हणाले, आणि नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या. मी नाव वाचलं, तुझ्या नव्या गोळीचंच. म्हणजे, आई, गोळी न घेतल्यामुळेच संकष्टीला तुझं डोकं हलकं राहायचं का? की उपासामुळे? कारण उपाशी शरीर साखर सोडून चरबी जाळतं आणि त्यानेही फिट आवरते म्हणे, काही मुलांना तसा आहारच देतात. मी विचारलं, "एका दिवसाच्या उपासाने होईल?" ते म्हणाले, "सांगता येणार नाही." की खरोखरच योगायोग? तोच दोष माझ्या रक्तात निघाला आणि मला आयुष्यात एकदाही फिट आली नाही, हे तरी काय आहे? तो तुझ्याकडून आला की बाबांकडून, तेही कळायला वाव नाही. तुझं रक्त कोणी जपून ठेवलं नव्हतं. मला काही समजत नाही. आता त्या जनुकाची जी एक धड प्रत उरते, तिच्याकडूनच जास्त काम करून घ्यायचे प्रयोग चाललेत. नातीला कदाचित ते मिळेल. हे ऐकताना मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी तुझ्या मोरीचा विचार करत होते.

तू उपास सोडल्यानंतरची ती संकष्टीच होती. सकाळी मी तुला पोहे दिले आणि समोर बसून राहिले. तू सावकाश खाल्लेस, एक घासही टाकला नाहीस. मग मी गोळी हातावर ठेवली, ती घेतलीस. नळाला पाणी आलं म्हणून मोरीत गेलीस, आणि कळशी पडल्याचा आवाज आला. दगडी कठड्यावर डोकं आपटलं होतं. मी धावले तोवर सगळं संपलं होतं.

परवा डॉक्टरांना मी उशिरा का होईना दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली, आधीची जुनी आणि मग बदलून दिलेली नवी. त्यांनी मान हलवली, "तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं हो." मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारलं, "पण मम्मी, आजीची चांगली चाललेली गोळी बदलली कोणी?"

मी म्हणाले, तिथल्या डॉक्टरांनी.