पटवून द्या

१६ जानेवारी

निबंध स्पर्धेत पहिला नंबर! आणि जेवण गेलं नाही.

निबंधाचे विषय चिठ्ठ्या टाकून मिळाले. रामप्रसाद सरांनी आधी समजावलं होतं — माहितीचा असेल तर जे आहे ते सांगा, स्वतः मध्ये लुडबुडू नका. मताचा असेल तर एकच बाजू घट्ट धरा, वाचणारा तुमच्याकडे आला पाहिजे. मला आला, 'बारावीपर्यंत मुलींच्या हाती मोबाईल नको — पटवून द्या'. मी मोबाईल उशाला घेऊन झोपते. तरी पटवलं! एक मुलगी रचली. आई चुलीच्या धुरात, ही मोबाईलमध्ये, मग नापास, मग घरी बसली. 'आमच्याच भागातली' असंही ठोकून दिलं.

माझ्या मैत्रिणीला, संगिताला आला, 'मोबाईलवर अभ्यास कसा करतात — माहिती द्या'. तिने नुसतं लिहिलं — पहाटे पाच ते सहा सराव प्रश्न, मग पाणी भरणे, चुकलेलं वहीत उतरवणे. सर म्हणाले, बरोबर आहे, पण सपक.

१९ जानेवारी

पालक मेळाव्यात सरांनी माझा निबंध मोठ्याने वाचला. दोन-तीन आया डोळे पुसत होत्या. मला चक्क आनंद झाला. लिहायलाही लाज वाटते.

२० जानेवारी

संगिताच्या वडिलांनी, पुनमचंदकाकांनी, तिचा मोबाईल काढून घेतला. मेळाव्याला आले होते ते. तिचा नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा सगळा सराव त्यातच. फॉर्मही त्यावरूनच भरायचा, ३१ तारखेच्या आत. ती मला काहीच बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी

माझा मोबाईल माझ्याकडेच आहे. बाबा म्हणाले, तू तशी नाहीस.

२७ जानेवारी

आज पुन्हा संगिताच्या तांड्याकडे निघाले आणि वारंगा फाट्यापर्यंत जाऊन परत आले. भित्री!

२९ जानेवारी

गेले एकदाची तांड्यावर. संगिता शेतात होती. काकांना सगळं सांगितलं — ती मुलगी नाहीच, मी रचली. विषय चिठ्ठीत आला होता. ते म्हणाले,

"अन् आता जे बोलून राहिली, ते बी चिठ्ठीत आलंय का?"

मला रडूच फुटलं. पटवणं सोडलं. संगिताचा निबंध सरांकडून मागून आणला होता, तो वाचायला घेतला. पाण्यापर्यंत आले आणि काकांनी हात वर केला. म्हणाले, ती पाण्याला निघायची तेव्हा मला वाटायचं आत्ताच उठली. आत गेले, मोबाईल आणून माझ्या हातात दिला. तूच दे म्हणाले, मला तोंड नाही.

येताना बसमध्ये कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

३० जानेवारी

उद्या फॉर्मची शेवटची तारीख. ती मुलगी रचलेली होती हे सांगून मोबाईल पुढे केला तर संगिताने हात मागे घेतला.

"ती पोरगी खोटी असंल. पण मी तशीच हाये. मला पटलंय तुजं."