बाबांच्या गाडीची कुरकुर

तीर्थस्वरूप बर्नीताईस,

हॅमट्रॅमकहून धाकट्या थॅडचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे खराच, फक्त पालथा नव्हे, उताणा. दर शनिवारी गाडीखालीच असतो.) ॲरिझोनाच्या उन्हाला तुझे गुडघे मानवले असतील. इकडे डॉक्टरांच्या मते बाबांची तब्येत उतरतेय, आणि बाबांच्या मते डॉक्टरांची अक्कल.

तुला ठाऊकच आहे, बाबांनी डॉक्टरांना शब्द दिलाय: गाडी मार्गी लागली की त्या तळ्याकाठच्या घरी मुकाट्यानं जाईन, जिथे औषध बरं व्हायला नव्हे, वेदना शमवण्यापुरतंच देतात. तेव्हा मी सुपुत्रासारखा कंबर कसून गाडी मार्गी लावायला निघालो. (असे सुपुत्र वैऱ्याला मिळोत.) अडुसष्ट सालची आपली ती दांडगी गाडी सरळ रस्त्यावर वाघ, पण वळण आलं की लग्नातून परतणाऱ्या स्टॅशमामासारखी एका अंगावर कलते. म्हणून पुढे नव्या स्प्रिंगा, मागे नवे पाटे, नवे शॉकअप, सगळ्या सांध्यांत नवे रबरी बुश, असा घाट घातला. बाबा गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर, मांडीवर आईची गोधडी घेऊन हुकूम सोडायला हजर. "थॅडी, तो पाना आहे, पिरोगी लाटायचं लाटणं नव्हे!" दोन वाक्यांमध्ये त्यांना दम खावा लागतो, म्हणून टोमणे हल्ली आखूड झालेत, पण बोथट नाहीत.

गाडी लोखंडी घोड्यांवर अधांतरी उचललेली असतानाच मी सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. खाली उतरवली, तर चर्चमधून निघालेल्या पेल्झरबाईंसारखं तिचं नाक वर! पहिल्याच खड्ड्यात माझी कवळी हलली. (हो, कवळी. हसू नकोस, तुझीही वेळ येईल.) शेजारचे झिग्मुंटकाका, बाबांबरोबर कारखान्यात जन्म काढलेले, वाकून बघतात तो काय! "अरे गाढवा, चाकं लोंबकळत असताना बुशांचे बोल्ट आवळतात होय? रबर पिळून बसतं! गाडी आपल्या वजनानं जमिनीवर टेकली, की मग शेवटचं आवळायचं. हे मला तुझ्या बापानंच शिकवलं!"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते.

"बाबा, तुम्हाला दिसत होतं?"

"डोळे शाबूत आहेत माझे."

"मग बोलला का नाहीत?"

बराच वेळ दम खाल्ला त्यांनी. "बोललो असतो, तर पुढच्या शनिवारी तू आला असतास?"

ताई, मी पुन्हा गाडीखाली शिरलो. तिथे तोंड कुणाला दिसत नाही, एवढी एक सोय आहे.

तुझा,
थॅड

ता. क. बाबांचा निरोप: यायची घाई करू नकोस. म्हणजे लगेच नीघ.

आणखी एक ता. क. आता खरं काम. गाडी काल दुरुस्त झाली. वळणावर कपातली कॉफी हिंदकळत नाही. हे मला आणि झिग्मुंटकाकांनाच माहीत. बाबांना मी सांगितलं, उजवीकडे अजून काहीतरी वाजतंय. त्यांनी माझ्या शेजारी बसून एक फेरी मारली, कान लावला, ऐकू काहीच आलं नसणार, आणि गंभीरपणे म्हणाले, "पाटा. सगळं उघडावं लागेल." तू आलीस की गाडी एकदा फिरवून आण, तोंड वाकडं कर, आणि सांग की डावीकडेही वाजतंय.