फरशीवरचं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि मी मुख्याध्यापिका झाले, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. पडेगावच्या पुढे आमची भलीमोठी इमारत आहे, पाटीवर ‘माँटेसरी’ असं ठसठशीत लिहिलंय. आत शिरलं की काचेच्या टेबलावर गुलाबी मनोरा दिसतो, तेच आपले दहा ठोकळे, मोठ्यावर लहान रचलेले. पाहुण्यांसमोर पडायला नकोत म्हणून ते गोंदाने चिकटवून टाकलेत. मुलांनी पाडावेत आणि पुन्हा रचावेत म्हणूनच ते असतात, हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. रोज सकाळी त्यांच्या शेजारून ऑफिसात जाते तेव्हा मला शिसारी येते.

मग तुमचं ते शाळेमागचं चिंचोळं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. तुम्ही खाऊसाठी वाटाणे सोलताय. मी विशीतली, तुमच्या शाळेत नवी शिक्षिका. सकाळी एका मुलीला फ्रॉकचं बटण जमेना, म्हणून मी चटकन लावून दिलं होतं. तुम्ही दाराशी बुटक्या स्टुलावर वही घेऊन बसला होता, पण वर्गात चकार शब्द काढला नाहीत. मुलं घरी गेल्यावर मला आत बोलावलंत आणि वाटाण्यांवरची नजर न काढता विचारलंत, ‘‘बटन कोणाचं व्हतं गं? तुझं का तिचं?’’ मी म्हटलं, तिचं. ‘‘मग तुला एवढी घाई कशापायी?’’ आणि वहीतला कागद फाडून हातात दिलात. त्यावर फक्त घडलेलं लिहिलं होतं: सहा वेळा प्रयत्न केला, सातव्यांदा बटण काजाच्या तोंडाशी आलं, तेवढ्यात ताईचा हात आला. शेरा नाही, गुण नाहीत. मुलाच्या कामात मध्ये पडायचं नाही तसं शिक्षिकेच्याही कामात पडायचं नाही, तिची चूक तिला दिसेल एवढंच करायचं, ही तुमची रीत. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता आणि मी मोरीत जाऊन रडले होते.

आता हेच मी दर जूनमध्ये आमच्या शिक्षिकांना पडद्यावर चित्रं दाखवून शिकवते. हात मागे बांधा, बघा, थांबा. त्या वहीत लिहून घेतात. मग वर्षभर मी मोबाइलवर त्यांना पाचपैकी तारे देते, कारण संस्थेला तारे लागतात. त्यांच्यातल्या एकीनेच माझं बोलणं खरं मानलं. करमाडहून दोन गाड्या बदलून यायची ती पोरगी, आपल्या घराण्यात शिकलेली पहिलीच. तिच्या वर्गात शांतता असायची, धाकाची नव्हे, कामाची. तुम्ही तिला पाहायला हवं होतं.

पालक-भेटीच्या दिवशी तिच्या वर्गात चार वर्षांची एक मुलगी तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होती. भिंतीला लागून पालक उभे, हातात मोबाइल, शेजारी संस्थेचे अध्यक्ष. तांब्या कलंडला, पाणी फरशीवर पसरलं. मुलीने वर पाहिलं, उठली आणि कोपऱ्यातलं फडकं आणायला निघाली. करमाडची ती ताई बसल्या जागेवरून हलली नाही. एक आई म्हणाली, ‘‘अहो, कुणीतरी पुसा ना!’’ आणि मी धावले, बाई. मुलगी फडकं घेऊन पोचली होती, ते तिच्या हातातून घेतलं, गुडघ्यांवर बसून मी फरशी पुसली आणि सगळ्यांसमोर ताईला म्हटलं, ‘‘नुसतं बसून काय बघताय?’’ मुलगी रिकामे हात घेऊन तिथेच उभी राहिली.

ताई मधल्या सुट्टीत ऑफिसात आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. ‘‘मॅडम, ती पुसणारच व्हती की. दोन मिनिटं थांबला असता तर काय झालं असतं? तुम्हीच तर सांगता, हात मागं बांधा म्हणून.’’ मी तिला वेळ, पालक, शाळेचं नाव असलं काहीबाही ऐकवलं. ‘‘व्हय मॅडम,’’ एवढंच म्हणून ती वर्गात गेली.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळ्या पालकांच्या मोबाइलवर फिरला. मुख्याध्यापिका स्वतः फरशी पुसतात, केवढा साधेपणा! हात जोडलेली चित्रं, फुलं. मला माझ्याच गुडघ्यांची घाण वाटली, तरी मी सगळ्यांचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. ‘‘ती बाई नुसती पुतळ्यासारखी बसली होती मॅडम, पालक नाराज आहेत. ठेवायची का काढायची? तुमचा शब्द शेवटचा.’’ ती करत होती तेच काम होतं, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, ‘‘तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.’’

शनिवारी ती डबा आणि छत्री पिशवीत घालून गेली. जाताना माझ्या पाया पडली, तेही मी होऊ दिलं. तिच्या जागी आलेली शिक्षिका मुलांची बटणं भराभर लावते आणि पालक खूश आहेत. हा कागद कुठे पाठवणार, घडी करून पर्समध्ये ठेवते आहे. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून काय करू, बाई? ती फाटकाबाहेर पडली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. या शाळेत माझ्याकडे तुमच्यासारखं बघणारं आता कुणी नव्हतं.