ओडेसाच्या आवाजाची टेप

मी, वर्लीन टोलिव्हर, वय सव्वीस, राहणार मार्शल काउंटी, मिसिसिपी. येत्या गुरुवारी मेम्फिसच्या हॉस्पिटलात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कोणी धाक दाखवलेला नाही. वकील बोलावला नाही. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिलीच. निदान मृत्युपत्राचा हा कागद तरी मला लिहिता आला पाहिजे.

१. माझी पिकअप गाडी धाकटा भाऊ क्लिऑन याला. दुसरा गिअर अडकतो. शिव्या घालून सुटत नाही, जरा थांबावं लागतं.

२. बँकेत जे उरेल त्यातून आजोबा ओथेल टोलिव्हर यांना दातांची कवळी करून द्यावी. ते गिटारवर ब्लूज, म्हणजे आमच्या काळ्या लोकांची जुनी दुःखाची गाणी, वाजवतात. त्यांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी म्हणते, बोळकं कव्हरवर चांगलं दिसतं. माझं म्हणणं, माणसाला मक्याचं कणीस खाता यावं.

३. गिटार सुरात लावायचं छोटं यंत्र कंपनीचे मालक श्री. व्हिट हॅलोरन यांना. आजोबा ते आवर्जून वापरत. रेकॉर्डिंगच्या दिवशी व्हिट यांनी ते गाडीत ठेवायला लावलं, कारण गिऱ्हाइकाला ब्लूज कच्चा, थोडा बेसूर हवा. कव्हरवरचं मोडकं खोपटं आमचं नाही. तिथे आजोबांच्या हातात दिलेली बंदूकही व्हिट यांच्या मेहुण्याची. आजोबांच्या आजवरच्या दोन्ही रेकॉर्ड दूर नॉर्वेपर्यंत खपल्या, हे मी नाकारत नाही.

४. आता टेपबद्दल. हा कागद खरं तर तिच्यासाठीच आहे.

मनात येईल तेव्हा वाजवा, असं आजोबांना सांगून व्हिट यांनी एक रेकॉर्डर आमच्या स्वयंपाकघरात ठेवला होता. एका दुपारी आजोबा वाजवत असताना आजी ओडेसा आत आली आणि यंत्र चालू आहे हे न कळून बोलत राहिली. आजोबा रविवारी चर्चला येत नाहीत, हा चाळीस वर्षांचा विषय. "दारूच्या अड्ड्यावर नाचायला पाय आहेत, ओथेल, आणि देवाच्या दारात यायचं म्हटलं की गुडघे धरतात?" मग बशी फुटते. आजोबा हसतात, आणि गिटारचा ठेका तिच्या बोलण्याबरोबर धावू लागतो. त्याच वसंतात आजी गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

व्हिट यांनी ती टेप आमच्याकडे एकदाच ऐकली. पुढच्या रेकॉर्डचं नावही तिथेच ठरवलं, 'बायको'. यात काहीच बनवलेलं नाही, म्हणाले. म्हणूनच ती मी दिली नाही. कंपनीच्या करारावर सही आजोबांची आहे, आजीची नाही. तिचा आवाज तिचा, आणि तिने आपलं सगळं माझ्या नावे केलं. पण मी गेले तर माझं ते क्लिऑनकडे जाईल. तो कंपनीची व्हॅन चालवतो. विचारल्याबरोबर सही करेल. याचा राग नाही, त्याला दोन मुलं आहेत.

जाळून टाकावी, तर आजोबा दर रविवारी ती ऐकतात. मी एकदा म्हटलं, तिची बोलणी ऐकून काय मिळतं तुम्हाला? ते म्हणाले, "ती बोलतेय तेवढा वेळ घरात आहे, पोरी." पण टेप त्यांच्याकडेही ठेवता येत नाही. त्यांनीच बजावलं, की व्हिट बाटली घेऊन दारात आला तर माझ्याच्याने 'नाही' म्हणवणार नाही.

म्हणून ती टेप आणि आजीच्या आवाजावरचे माझे सगळे हक्क मी न्यू हेब्रॉन चर्चच्या मदर्सना देते, म्हणजे पहिल्या बाकावरच्या, पांढऱ्या टोप्यांच्या त्या वडीलधाऱ्या बायकांना. त्यांच्या लेखी ब्लूज हे सैतानाचं गाणं. त्या ते विकणार नाहीत, आणि व्हिट यांच्या गोड बोलण्याला तर मुळीच भुलणार नाहीत. काल त्यांच्यातल्या थोरल्या मदर ज्युएल आमच्याकडे आल्या आणि टोपी न काढता अट सांगून मोकळ्या झाल्या. "ठेवू आम्ही. मागे जे वाजतंय ते मी ऐकलंच नाही असं समजेन. पण ओथेलला बायको ऐकायची तर रविवारी इथे यावं लागेल. प्रार्थनेनंतर. आधी नाही."

आजोबा बराच वेळ टेबलावरचं मेण खरवडत बसले. मग मदरकडे न बघता मला विचारलं, "मागच्या बाकावर बसलं तर चालेल का?"

५. म्हणून अट घालते की आजोबांना मागच्या बाकावर बसू द्यावं आणि बाप्तिस्म्यासाठी पुढे बोलावू नये. मदर ज्युएल यांनी आज पुन्हा येऊन हे कलम वाचलं. ते देवाच्या हातात आहे, त्याला तुझ्या कागदाने कसं बांधू, असं म्हणाल्या. कलम मी खोडलेलं नाही. त्यांनीही ते मान्य केलेलं नाही. टेप ठेवायला दुसरी जागा मला सापडली नाही.

मदर ज्युएल आणि आजोबा यांना या कागदाने काही मिळतं, म्हणून ते साक्षीदार नाहीत. मी हे लिहितेय आणि दोघे एकाच टेबलाशी एकमेकांशी न बोलता बसून आहेत.

सही: वर्लीन टोलिव्हर
साक्षीदार: लूथर गँट, शेजारी
साक्षीदार: इमोजीन प्रुइट, शाळेतील कारकून
मार्शल काउंटी, मिसिसिपी
९ नोव्हेंबर १९९८