प्रिन्स एगबर्टची पहिली रेकॉर्ड

३ सप्टेंबर १९७३
बेकरी सोडली. आजपासून फक्त रेगे संगीत. नवीन नाव : प्रिन्स एगबर्ट. आयोनीला आनंद व्हायला हवा होता. बायकोच ती. म्हणाली, राजपुत्रा, आधी नळावरून पाणी आण. ख्रिसमसपर्यंत अंगणातल्या शनिवारच्या नाचात तुझं गाणं वाजलं नाही, तर मुकाट्याने परत भट्टीपुढे.
ख्रिसमसपर्यंत सगळं किंग्स्टन माझं असेल.
संकल्प : घशासाठी थंड बीअर बंद.

४ सप्टेंबर
कोमट बीअर पिववत नाही. संकल्पात दुरुस्ती.

२ ऑक्टोबर
रेकॉर्डिंग! स्टुडिओचे मालक मिस्टर प्रिंगल एकदाच ऐकून म्हणाले, पुरे, आता थांब. पहिल्याच फटक्यात पसंत! रेकॉर्डच्या एका बाजूला मी. मागच्या बाजूला रिवाजाप्रमाणे तेच गाणं, गायकाचा आवाज पुसून. नुसता बास आणि ड्रम. ज्यांना गाता येत नाही ते नाचात त्यावर माइक धरून बडबडतात. बिचारे.

१७ नोव्हेंबर
रेडिओवर अजून नाही. त्यांना झेपलं नसणार. आयोनीने बेकरीचा ॲप्रन इस्त्री करून दारामागे टांगला. रागाच्या भरात दोनदा जेवलो.

२२ डिसेंबर, दुपार
आज नाचात माझी रेकॉर्ड लागणार. लावणारा बंटिन आयोनीचा मावसभाऊ. वशिला नव्हे, योगायोग.

२३ डिसेंबर
माझी बाजू लागली. पहिल्या ओळीला अर्धं अंगण तळलेले मासे घ्यायला गेलं. बंटिनने घाईघाईने रेकॉर्ड उलटी केली. आणि गर्दी पेटली! लोक कुंपणाचे पत्रे बडवत ओरडत होते, अरे सुई उचल, पहिल्यापासून लाव! चारदा लावली.
पुसणाऱ्याने माझा सगळा आवाज पुसलाय. राहिलं आहे ते गाण्याआधी मी खाकरलो तेवढंच. ते स्पीकरमधून घुमलं की सगळं अंगण एका सुरात खाकरायचं. सगळ्यांत मोठ्याने आयोनी.
मी चिडलोय. भयंकर चिडलोय.

२४ डिसेंबर
मिस्टर प्रिंगल स्वतः घरी! नवीन रेकॉर्ड करायची म्हणाले. मी विचारलं, कोणतं गाणं? म्हणाले, गाणं आण, नको आणूस, तुझी मर्जी. खाकरून जा.
विचार करून सांगतो म्हणालो. कलाकाराने आपला मान राखावा. ते फाटकापाशी पोचायच्या आत धावत जाऊन हो म्हणालो.
आयोनी म्हणते, हे गाण्यात धरायचं नाही. परवापासून बेकरी. हरकत नाही. पिठाने घसा बसतो, आणि मिस्टर प्रिंगलना तसाच हवाय.