उघड्या दाराचा बर्फ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (जहाज डावीकडे कललेलं असल्यामुळे नमस्कार जरा तिरपा झाला आहे, सरळ करून घ्यावा.) तुझा गुडघा कसा आहे? मलम चोळतेस की नुसतं उशाशी ठेवतेस? खालच्या मजल्यावरच्या बाईंशी बोलणं सुरू झालं का? झालं नसेल तर बरंच आहे. ती बाई तुझ्या तब्येतीची चौकशी करते तेव्हा तिचे डोळे तुझ्या पिशवीवर असतात, हे मी तुला मागेच सांगितलं होतं. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे ही खुशाल आहे. माझं नक्की काय आहे ते कळावं म्हणून तर पत्र लिहायला बसलो. फोन केला असता, पण जहाजावरचा फोन जेवणघराच्या दाराशी भिंतीला टांगलेला आहे, आणि तिथे नेहमी कोणी ना कोणी नुसतं उभं असतं.

मुद्द्याचं सांगतो. मी आता फार दिवसांचा सोबती नाही आणि ही गोष्ट मी सोडून सगळ्यांना माहीत आहे, असा माझा दाट संशय आहे. हसू नकोस, पुरावे आहेत. चौतीस वर्षं मी कोल्ड स्टोरेजमध्ये काढली. बटाटे, सफरचंदं, मटार, आइस्क्रीम, सगळ्यांची थंडी सांभाळली आणि स्वतःची हाडं गारठवून घेतली. निवृत्त झालो त्या दिवशी घरी येऊन जाहीर केलं, की यापुढे या घरातल्या फ्रिजचं दारसुद्धा मी उघडणार नाही. अशा बापाला पोटचा मुलगा काय देतो? पृथ्वीच्या तळाशी जाऊन बर्फ बघायचं तिकीट! बरं, हा मुलगा कसा, तर फोनवर ‘हं, हं, बोला’ याच्यापुढे कधी न जाणारा. त्याने विमानतळावर मला मिठी मारली. दोन्ही हातांनी. सून माझ्या विनोदाला लग्न झाल्यापासून एकदाही हसलेली नव्हती, ती निघण्याआधी आठवडाभर हसत होती (मी त्या आठवड्यात एकही विनोद केलेला नव्हता). आणि आपले डॉक्टर, जे मला मीठ बंद करा, जिने बंद करा, शक्य तर बोलणंही बंद करा असं सांगतात, त्यांनी प्रवासाच्या फॉर्मवर सही करून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘जा, मजा करा.’ डॉक्टर माणसाला मजा करायला कधी सांगतात, ते तुला सांगायला नको.

शिवाय ही. ताई, ही भांडत नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडतंय. परवा मी मुद्दाम ओला टॉवेल तिच्या बिछान्यावर टाकून बघितला. तिने तो उचलला, वाळत घातला आणि मला विचारलं, थंडी वाजत नाही ना? मला थंडी वाजायच्या ऐवजी घामच फुटला. तेव्हापासून मीही सांभाळून आहे. जिन्यावरून उतरताना तिचा हात धरतो, म्हटलं उगाच शेवटी शेवटी बोल नको.

समुद्राने पहिले दोन दिवस आम्हाला डब्यातल्या शेंगदाण्यांसारखं खडखडवलं. सगळे प्रवासी आडवे, ही मात्र एकटी उभी. बाई खिडकीला नाक लावून पक्षी मोजत होत्या. मी बाथरूमपर्यंत सरपटत जाताना काय बघतो, तर जिन्याखाली ही आणि जहाजाचे डॉक्टर कुजबुजत होते. मला बघताच दोघं गप्प. काल पुन्हा तेच, आणि काल त्यात जहाजाचा मुख्य आचारीही होता. आता डॉक्टर आणि आचारी एकत्र येऊन ज्याच्याबद्दल बोलतात, त्या माणसाच्या खाण्यापिण्याचे दिवस भरत आले, एवढं मला कळतं. तुझ्या कानावर काही आलं असेल तर लपवू नकोस. आणि निघण्याआधी तुझ्या शिवणयंत्राच्या खणात जी वस्तू ठेवून आलो, ती तिथेच असू दे. तिची वेळ अजून आलेली नाही.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं. आज शुक्रवार आहे. मधल्या काळात पुष्कळ घडलं, म्हणून पत्र तसंच ठेवून पुढे लिहितो. (तारखेवर भरवसा ठेवू नकोस. इथे सूर्य मावळतच नाही, नुसता मावळल्याचं नाटक करून परत येतो.)

बर्फावर उतरण्याआधी आमची झडती झाली. झडतीच म्हणायची. ती माणसं म्हणतात की बाहेरचं बी त्या जमिनीवर जाता कामा नये. पण कोटाच्या शिवणी, खिसे, बुटांचे तळवे हे सगळं छोट्या व्हॅक्यूमने ओढून काढायचं, याला मी तरी झडतीच म्हणतो. माझ्या जुन्या कोटाच्या खिशातून काय निघालं सांग बघू. बटाट्याचा वाळलेला कोंब! निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी माल अंगावर होता. चौतीस वर्षं मी गेटावर दुसऱ्यांचे खिसे तपासले आणि म्हातारपणी मुद्देमालासकट पकडलो गेलो. हिची पाळी आली तेव्हा हिने बाहेरचे सगळे खिसे उलटे करून दाखवले, पण आतल्या खिशाला हात लावू दिला नाही. तिथे कागदच आहे, बी नाही, असं म्हणून खिसा घट्ट धरून उभी राहिली. कागद! मी तिथल्या तिथे ओळखलं की तो माझा रिपोर्ट आहे.

मग रबरी होडीत बसून किनाऱ्यावर गेलो. माझा खिशातला थर्मामीटर मी बरोबर घेतला होता (जहाजाच्या फळ्यावर लिहिलेलं तापमान मी का खरं मानावं?). काढून बघतो तर दोन अंश. शून्याच्या वर दोन! ताई, आमच्याकडे दोन अंशांवर आम्ही बटाटे ठेवायचो. आइस्क्रीमची खोली उणे वीस. जगाच्या टोकापर्यंत आणून या लोकांनी आम्हाला बटाट्याच्या खोलीत उभं केलं होतं. आणि एवढा माल, डोंगरच्या डोंगर, निळा, हिरवा, पांढरा, आणि त्याला दार म्हणून नाही! सगळं उघड्यावर, वर ऊन पडलेलं, कडेने पाणी गळतंय, मधूनच घराएवढा तुकडा धडाम करून समुद्रात. आमच्याकडे दार मिनिटभर उघडं राहिलं तर मी आख्ख्या पाळीला फैलावर घ्यायचो. इथे कोणाला फैलावर घ्यायचं? तक्रारीची वही मागितली, तर गाइडबाईंनी पक्ष्यांची नावं लिहायची वही हातात दिली.

पेंग्विनांचं म्हणशील तर ती जमात दिसते तेवढी साधी नाही. दगड जमवून घरटं करतात. त्यातला एक, पायाने किंचित फेंगडा, शेजाऱ्याच्या घरट्यातला दगड हळूच उचलायचा, दुसरीकडे बघत बघत परत यायचा आणि आपल्या घरट्यात ठेवायचा. मी पाऊण तास एका जागी उभं राहून पाळत ठेवली. सतरा फेऱ्या! आणि त्याच वेळी त्याच्या मागच्या बाजूने तिसराच त्याचे दगड पळवत होता. सगळा अहवाल मी पक्षीमास्तरांना (हे गाइडबाईंचे साहेब) तोंडी दिला, फेंगडा दाखवूनही दिला. ते हसून म्हणाले की हा निसर्ग आहे. आमच्याकडेही मालाची घट निघाली की हमाल हेच म्हणायचे.

एवढ्यात हिच्याकडे लक्ष गेलं. ही पाण्याच्या कडेला एका बर्फाच्या ढेपेशी उभी होती आणि हातमोजा काढून उघडा तळवा तिने बर्फावर टेकवला होता. काढेचना. मी धावलो (इथे धावायला बंदी आहे, तरी धावलो). उघड्या हाताने गोठवलेला माल धरू नये हा आमच्याकडचा पहिला नियम. मी ओरडलो, तर ही शांतपणे म्हणाली, ‘एवढं गार असायचं होय तुमच्या तिथे?’

आता मात्र राहवेना. मी सरळ विचारलं, की मला काय झालंय ते आत्ताच्या आत्ता सांग, आतल्या खिशात काय आहे ते मला ठाऊक आहे. ती चरकलीच. खिशावर हात ठेवून म्हणाली, ‘तुमच्या कानात मळ झालाय, दुसरं काही झालेलं नाही.’ मग एकेक बाहेर आलं. सहल मुलाने ठरवलेली नव्हती, हिने मागितली होती. लग्न झाल्यापासून मुलाकडे तर सोडच, माझ्याकडेही हिने कधी काही मागितलेलं नाही, त्यामुळे पोरगा हरखून गेला आणि ती मिठी खरं तर आईच्या वाटणीची होती. मला आधी कळलं तर मी येणार नाही, म्हणून सगळ्यांना तोंडावर बोट. मी म्हटलं, पण बर्फच का? तर म्हणाली की मुलगा पाळण्यात होता तेव्हा ती एकदा डबा घेऊन स्टोरेजवर आली होती आणि तिला आत बघायचं होतं. मी तिला दारावरच थांबवलं आणि म्हणालो, आत तुझं काम नाही. ती बाहेर खोक्यावर बसून राहिली, मग डबा ठेवून निघून गेली. मला हे अजिबात आठवत नाही. तिला खोक्याचा रंगसुद्धा आठवतो. म्हणाली, ‘संध्याकाळी तुम्ही यायचात तेव्हा तुमचे हात दगडासारखे असायचे. कुठून येतात असे, ते बघायचं होतं.’

मला फार वाईट वाटलं, ताई. दार सांभाळायची माझी नोकरीच होती, पण बायकोला आत घेतलं असतं तर काय बटाट्यांना कोंब फुटणार होते? मी तिचा तळवा माझ्या काखेत धरून ठेवला आणि आम्ही तसेच उभे राहिलो. फेंगडा पाच पावलांवर येऊन आमच्याकडे संशयाने बघत होता.

जिन्याखालच्या कुजबुजीचाही उलगडा झाला. मला जहाजाचा फ्रीजर दाखवायचा हिचा बेत होता. पासष्टच्या पुढच्या माणसाला आत सोडायचं तर डॉक्टरांची परवानगी लागते. ती मिळाली आणि काल आम्ही दोघं आत गेलो, दोघं. उणे एकवीस. दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं होतं, हे मी शिरताच सांगितलं. तेव्हापासून मुख्य आचारी मला वाकून नमस्कार करतो. खरं सांगायचं तर मरणाची एवढी तयारी केल्यावर कानातल्या मळावर सुटणं म्हणजे जरा फजितीच, पण आनंद झालाय.

इथून आम्ही परस्पर मुलाकडे महिनाभर राहणार आहोत. तुझ्या यजमानांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. शिवणयंत्राच्या खणातलं ते जाड पाकीट. ‘मी परत आलो नाही तर उघडणे’ असं वर लिहिलंय. मी परत येतोय, तेव्हा कृपा करून उघडू नये. पाकिटाला दोरा ओवून स्टोरेजचं शिशाचं सील लावलंय (निवृत्तीच्या वेळी सील दाबायचा चिमटा आणि उरलेल्या सीलांचा डबा मी मागून घेतला होता, घरी बिस्किटांच्या डब्याला तेच लावतो). सीलचा नंबर ४४७१. माझ्याकडे लिहिलेला आहे.

ता. क. २. तू उघडलंच असणार. दुसऱ्यांची पोस्टकार्डं उन्हात धरून वाचणारी तू. तिसऱ्या पानावर तुझ्याबद्दल आहे. सायकल तू पाडलीस आणि मार मी खाल्ला, हे मी मरायला टेकल्याच्या भरात जरा कडक शब्दांत लिहिलं, पण खोटं नाही. पहिली तीन पानं हवी तर जाळून टाक. शेवटचं मात्र हिच्याबद्दल आहे, ते जपून ठेव. तोंडावर मला असलं कधी बोलता आलेलं नाही आणि पुन्हा लिहायला जमणार नाही. आल्यावर वाचून दाखवीन म्हणतो.

ता. क. ३. पत्र पेटीत टाकायला हिच्याकडेच देतोय. जहाजावर दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही.

वन्सं, नमस्कार. हे खाली फ्रीजरचं रबर बदलतायत, तेवढ्यात या चार ओळी. पाकिटावर ४४७१ दिसणार नाही, ४४७२ दिसेल. चिमटा नि डबा आमच्या कपाटातच असतो, आणि बिस्किटांमुळे सील लावायला मीही शिकले. तुमच्याकडे आणून द्यायच्या आदल्या दिवशी मी सगळं वाचलं. ते मरायची तयारी करतायत हे तेव्हाच कळलं, सांगणारही होते, पण माणूस प्रथमच हात धरून जिना उतरायला लागला, म्हटलं चार दिवस असू दे. शेवटचं पान माझ्या आतल्या खिशात आहे आणि ते मी परत देणार नाही. पान नाही म्हणून ते आरडाओरडा करतील, तेव्हा तुम्हीच उघडलंत असं सांगा, त्यांची खात्री आहेच. कागद नसला म्हणजे त्यांना ते तोंडाने सांगावं लागेल. मला एकदा तसं ऐकायचंय.